रविवारी आपट्याला

"जुनं सगळं काढ," हृतिक म्हणाला. "स्क्रीन, स्पीकर, सगळं. रविवारी गाडी आपट्याला न्यायचीय."

नवीन पनवेलच्या कार-ऑडिओच्या गाळ्यात कारागीर निकेश मर्सिडीजच्या डॅशबोर्डात मान घालून बसला होता. गाडी जुनी, पण ऐट तसूभर कमी झालेली नव्हती. जमिनीचे पैसे आले तेव्हा हृतिकच्या वडलांनी, दयाराम शेठनी, ती घेतली होती. पहिल्या दिवशी अर्धा गाव नुसता हात लावून गेला होता. शेठ जाऊनही आता पाच वर्षं झाली होती.

"लग्न वाटतं?" निकेशनं विचारलं.

"मग! उगीच का तुझ्या मागं लागलोय?"

"अरे वा! कुणाच्यात?"

"आपट्याच्या शाळेत मास्तर हायेत ते. नदीला लागून घर. माणसं साधी, पण जिवाला जीव देणारी."

"मग काय, मज्जाय! गाणी कसली भरू? डीजेवाली?"

"नको रे बाबा. जुनी भर. तिला जुनीच आवडतात."

"आजच्या जमान्यात? शेठ, नशीब काढलंत तुम्ही!"

हृतिक मनापासून हसला. "ते काढलंय खरं."

"आणि चालवणार कोण? ड्रायव्हर ठेवलाय का?"

"मीच चालवणार."

"काहीतरीच काय! नवरदेव कुठं गाडी चालवतो? लोक हसतील."

"हसू देत. तिची एकच अट हाय. तू चालवशील तरच मी बसेन म्हणाली."

अट सोपी होती. हृतिकच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. होकार मिळवता मिळवता त्याच्या नाकी नऊ आले होते. विनवण्या केल्या, रुसून बघितलं, एकदा तर दोन दिवस जेवला नाही, तेव्हा कुठं ती हो म्हणाली. तरी अजून भरवसा नव्हता. लोक काय म्हणतील, एवढ्या एका विचारानं ती ऐन वेळी मागं फिरली असती.

आणि ही गाडी सुरू केली की स्क्रीनवर पहिल्यांदा ठळक अक्षरांत नाव झळकायचं, 'दयाराम शेठ'. वडलांनी हौसेनं टाकून घेतलेलं. शेठपुढं भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची, तिची तर व्हायचीच. ते नाव समोर आलं की ती तशीच खाली उतरेल, याची हृतिकला खात्री होती. म्हणून हा सगळा खटाटोप.

तेवढ्यात गाळ्यासमोर बुलेट थांबली. वडलांचे धाकटे भाऊ, जगनकाका, तरातरा आत आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार.

"दादाच्या गाडीचं काय चालवलंयस?"

"नवी स्क्रीन बसवतोय, काका."

"आनि त्याचं नाव पुसतोस?"

"होय."

"लाज नाय वाटत? भावकीत तोंड दाखवायला जागा नाय ठेवलीस आमाला. असलं लगीन आपल्या घरात कवा झालंय का? दादा असता तर?"

"बाबा असते तर हे लग्न झालंच नसतं, काका."

"मंग? तुला कळतंय ना!"

"कळतंय म्हणून तर करतोय."

काकांनी बुलेटची चावी मुठीत घट्ट धरली. "आमच्यातलं कुनी येनार नाय. सांगून ठेवतो."

"नका येऊ. पण आडवे येऊ नका. रविवारी गाडी निघणार म्हणजे निघणार."

काका आले तसे गेले. निकेशनं हळूच विचारलं, "दुसऱ्या जातीतली आहे का?"

"छे! आपल्यातलीच हाय."

"मग यांचं दुखणं काय?"

"दुसऱ्याचं सुख बघवत नाय, दुसरं काय!"

संध्याकाळी नवी स्क्रीन बसली. चांगली ऐसपैस, झगमगीत. हृतिकनं ऐटीत गाडी सुरू केली आणि त्याचा चेहराच पडला. आधी तेच नाव आलं, मग नवी स्क्रीन उजळली.

"ते गाडीच्या मूळ कॉम्प्युटरात आहे," निकेश म्हणाला. "आत जाऊन पुसावं लागेल. कुठं दाबायचं ते दाखवतो, पण शेठ, ते तुम्हीच करा. वडलांचं नाव आहे. माझा हात धजत नाही."

हृतिकनं बोट पुढं केलं आणि तिथंच थांबवलं. याच सीटवर बाबांनी मांडीवर घेऊन त्याला स्टिअरिंग धरायला दिलं होतं. माणूस तापट होता, पण पोरावर जीव टाकायचा. बाबा, रागावू नका, असं मनात म्हणून त्यानं बटण दाबलं. नाव गेलं. त्यानं डोळे पुसले आणि निकेशला म्हणाला, "लाव आता एखादं फक्कड गाणं!"

रविवारी सकाळी गाडी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा लावून अंगणात उभी राहिली. शेजारच्या गच्च्यांवर बायका जमल्या होत्या. काकांच्या घरातलं कुणी आलं नाही. काका मात्र फाटकाशी हाताची घडी घालून उभे होते. हृतिकनं हॉर्न दिला.

ती बाहेर आली. हिरवा शालू, कपाळाला मुंडावळ्या. फाटकाकडं नजर गेली आणि तिचं पाऊल उंबऱ्यावरच अडलं. हृतिकला वाटलं, आता फिरते की काय! त्यानं उतरून पुढचं दार उघडून धरलं. काका दोन पावलं बाजूला झाले. मग तिनं पदर सावरला, ताठ मानेनं चालत आली आणि सीटवर बसली.

"आई, पट्टा लाव," हृतिक म्हणाला. "तिकडं नवरदेव खोळंबलाय."