परत कधी?

चारचा चहा दुसऱ्यांदा गरम करून मालन ओटीवर आली, तरी हरिश्चंद्र खळ्यात येरझाऱ्याच घालत होता. तुळशीपासून फाटकापर्यंत जायचं, फाटकाला हात लावायचा, वळायचं आणि पुन्हा तुळशीकडे. उभा जन्म बोटीवर काढलेला माणूस! कायमचा घरी येऊन सहा महिने झाले, तरी डेकवर चालावं तसा चालायचा. सारवलेल्या खळ्यात त्याने चक्क पायवाट पाडली होती, आणि ती बुजवायचं काम मालनचं.

“अहो, पायाला भिंगरी लागलीच आहे तर जरा बाहेर तरी पडा,” ती म्हणाली. “चला, वाळूवर जाऊन येऊ. दोघं.”

“लोक विचारतात गं.”

काय विचारतात ते तिला ठाऊक होतं. भाट्याच्या वाडीत बोटीवरचा माणूस दिसला की प्रश्न दोनच. कधी आलात, आणि परत कधी? परत जायची तारीख सांगताना एरवी हरिश्चंद्राची छाती कशी फुगायची! आता सांगायला तारीखच नव्हती. रिटायर झालो म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती.

आणि मालनला नेमकं तेच त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आता जायचं नाही. लग्न झाल्यापासून ती या एका वाक्याची वाट बघत होती. संध्याकाळी हातातलं काम टाकून ती एकटीच वाळूवर चालून यायची. सुरूच्या बनातून वारा यायचा, ओली वाळू पायाखाली गार लागायची, दिवसभराचा शीण उतरायचा. फार सुख वाटायचं तिला. फक्त ‘बघा हो, किती छान’ असं म्हणायला शेजारी कोणी नसायचं.

“विचारू देत. गिळतंय का कोणी तुम्हाला?” तिने चपला घातल्या आणि फाटक उघडून उभी राहिली. मग काय करतो बिचारा! निघाला.

चार घरं गेली नाहीत तोच कमळावैनी भेटली. अंगणात कोकमं वाळत घालत होती.

“अगो बाई, भावोजी! दिसलात एकदाचे. मग, परत कधी?”

“बघू. ऑफिसमधून फोन आला की,” हरिश्चंद्र म्हणाला.

खोटं. साफ खोटं! अजून याचं मन तिकडेच असेल तर इतकी वर्षं आपण वाट कसली बघितली? ती मिठाची गुळणी धरून पुढे चालायला लागली. तो मागून येत राहिला.

ओहोटी होती. वाळू लांबच लांब मोकळी पडली होती. दोघं शेजारी शेजारी चालत होते. थोड्या वेळाने मालनला शेजारी पावलं ऐकू येईनात. मागे बघते तर काय, हा बाबा हात पाठीमागे बांधून, शांतपणे, उलटा घराकडे निघालेला!

“अहो! चाललात कुठं?”

हरिश्चंद्र दचकून थांबला. आधी समोर बघितलं, मग मागे वळून तिच्याकडे.

“वळलो होय गं मी?” तो ओशाळून हसला. “एवढं चाललं की बोट संपायची. पाय आपसूक वळतात.”

रुसून राहायचं असं तिने पक्कं ठरवलं होतं. पण हसू काही आवरेना. “इथं कठडा नाय. या पुढं.”

तो आला. काही पावलं चालल्यावर हळूच म्हणाला, “जन्मभर चाललो बघ मालन. दुनियेला वेढा पडेल इतका चाललो. पण चालून कुठं पोचलोच नाय.”

तिला एकदम भरून आलं. राग कुठल्या कुठे गेला.

“मग आता माझ्यासंगं पोचा,” ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला. चांगला उजेड असताना, उघड्या वाळूवर! वाडीतलं कोणी बघितलं असतं तर आठवडाभर दुसरा विषय नसता.

आणि बघायला आलंच कोणीतरी. खांद्यावर जाळं टाकून आप्पा समोरून येत होता. हरिश्चंद्राच्या बापाबरोबर मासे मारलेला म्हातारा. मालनने चटकन हात सोडवून घेतला.

“काय रे हरी! कधी आलास? आणि परत कधी?”

मालनने तोंड पाण्याकडे फिरवलं. तेच खोटं पुन्हा ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

हरिश्चंद्र खाकरला.

“आता नाय जायचं, आप्पा. संपलं ते. आता हिच्याबरोबर फिरतो.”

“बरं झालं रे बाबा. एकटीच फिरायची बिचारी.” आप्पाने खांद्यावरचं जाळं सावरलं. “कुठवर निघालाव?”

“ही वळेल तिथवर.”

आप्पा हसत वाडीकडे गेला. मालनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोळे पुसायला तिने वाऱ्याचं निमित्त केलं.

मग हरिश्चंद्राला जो बोलण्याचा उमाळा आला म्हणता! कुठल्या बंदरात खाली उतरू दिलं नाही, कुठल्या बंदरात उतरून नुसता रस्ता बघत उभा राहिला, सगळं सांगत सुटला. मध्येच वाकून कुर्ल्यांची बिळं बघत होता. एकदा तर पुढे धावला आणि एक शिंपला उचलून तिच्या हातावर ठेवला.

मालन रोज ज्या पालथ्या होडीपाशी वळायची, ती होडी केव्हाच मागे राहिली होती. तिचे गुडघे मघापासून ठणकत होते.

ती वळली नाही. शिंपला मुठीत धरून चालत राहिली.