दोर पुरेना

जाफराबादजवळच्या नाल्यात ट्रॅक्टर उलटला आणि वसंता त्याच्याखाली कमरेपर्यंत अडकला. नाल्याचं पाणी चढत होतं. थोरला भाऊ तातेराव आपली जीप घेऊन काठावर आला, पण चिखलात ती पुढे सरकेना. त्यानं जीपच्या तोंडाशी बसवलेल्या, ओझं ओढणाऱ्या विंचच्या ड्रमवरचा नायलॉनचा दोर पार शेवटपर्यंत उलगडला. ड्रमवर चार वेढे राहिले नाहीत तर दोराचं टोक ड्रमला बांधणारी नुसती गाठ ओढ सोसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याशिवाय दोर ट्रॅक्टरपर्यंत पोचतच नव्हता.

"दादा, जल्दी ओढ!" वसंता ओरडला.

ट्रॅक्टर वीतभर उचलला गेला अन् ड्रमवरची गाठ निसटली. तातेरावानं पुन्हा बांधली, पुन्हा निसटली. पाणी वसंताच्या हनुवटीला लागलं. रडत रडत तातेराव परत गाठ आवळू लागला.



"ऱ्हाऊ दे आता, दादा. खाली ये अन् माझ्यापाशी थांब."