चौथा रकाना

स्क्रीन निळी झाली आणि कॉम्प्युटर बसल्या जागी बंद पडला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. एका मोठ्या कचेरीतले दोनशे कॉम्प्युटर मुलाच्या जिवावर चालत. आईचा हा एक मात्र दोन वर्षं त्याला जुमानत नव्हता.

"मी नुसता बाण खाली नेला होता," आई मागून म्हणाली. "हात हलकाच होता."

"तू बस गं जरा. मध्ये मध्ये बोलू नकोस."

आई बसली. चाळीस वर्षं तिने मुद्रितं तपासली होती. निवृत्तीनंतर ती घरी बसून पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूची तयार करायची. कोणतं नाव कोणत्या पानावर आलंय, ते शोधून ओळीने लावायचं. गेल्या वर्षभरात तीन सूची उशिरा गेल्या. काम निम्म्यावर आलं की यंत्र मान टाकायचं आणि केलेलं सगळं पुसलं जायचं. महिन्यापूर्वी प्रकाशकांनी मुलालाच फोन करून कारण विचारलं. तो म्हणाला होता, "वय झालंय तिचं. कॉम्प्युटर काही झेपत नाही. काम दिलं नाहीत तरी चालेल." आई तेव्हा त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानंतर काम आलं नाही. आज तिने त्याला बोलावलं ते एवढंच सांगून: "एकदा नीट बघ. दोष माझा असेल तर मी सोडून देते."

त्याने झाकण उघडलं. धूळ झटकली. पंखा फिरत होता, यंत्र तापत नव्हतं, डिस्क धडधाकट होती. राहिली मेमरी. तिची चाचणी लावली की अर्धा तास नुसतं बघत बसायचं. वेळ जावा म्हणून त्याने टेबलावरची वही ओढली. "बंद पडला की काय केलंस ते लिहून ठेवत जा," असं त्यानेच फर्मावलं होतं. वही बघायला मात्र कधी मागितली नव्हती.

आईने पट्टीने चार रकाने आखले होते. तारीख. वेळ. काय चाललं होतं. माझं काय चुकलं.

तो चौथा रकाना वाचू लागला. 'दोन बोटं एकदम पडली.' 'फार वेळ विचार करत बसले, तोवर कंटाळला असेल.' 'चष्मा पुसायला उठले.' 'जेवणाआधी उरकायची घाई केली.' 'डाव्या हाताने माउस धरला.' पुढे पुढे अक्षर बारीक होत गेलं होतं. 'माहीत नाही, पण काहीतरी केलंच असणार.' नोंदी सत्त्याण्णव होत्या. चौथा रकाना एकदाही कोरा नव्हता.

त्याने वही मिटली. स्क्रीनवर मेमरीतल्या चुका दाखवणाऱ्या लाल ओळी भराभर उमटत होत्या.

यंत्र बंद करून त्याने मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी दुसरी उपसली. तिच्या कोपऱ्यावर लाल शाईचा ठिपका होता. त्याच्या कचेरीत बिघडलेल्या भागावर असा ठिपका देऊन तो भाग भंगाराच्या खणात टाकत. नियम त्यानेच घातला होता. दोन वर्षांपूर्वी आई म्हणाली, "फार हळू चालतो रे," तेव्हा त्याने त्या खणातून ही पट्टी उचलून आणून बसवली होती. नजरचूक नव्हती ती. ठिपका त्याने पाहिला होता. 'आईला काय, टाइपच तर करायचंय. चालून जाईल.' वहीतली पहिली नोंद दुसऱ्याच दिवसाची होती.

त्याने पट्टी खिशात टाकली. उरलेल्या एका पट्टीवर चाचणी पुन्हा लावली. एकही लाल ओळ आली नाही.

"काय निघालं?" आईने विचारलं.

धूळ, हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. त्याच्या मांडीवर वही होती.

"मी बसवलेली पट्टी खराब होती."

"कधी बिघडली?"

"बसवली तेव्हाच बिघडलेली होती."

"तुला माहीत होतं?"

"हो."

त्याचे कान गरम झाले. आता आई 'असू दे रे' म्हणेल, म्हणून तो खाली मान घालून थांबला. फुटलेल्या बरणीपासून बुडालेल्या परीक्षेपर्यंत ती तेच म्हणत आली होती. या वेळी तिने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"पुस्तकात चूक राहिली की आम्ही शुद्धिपत्र लावतो. ते छापखान्यात एकमेकांना वाचून दाखवत नाही. ज्यांनी चूक वाचली, त्यांच्या हातात ते पडावं लागतं. प्रकाशकांना लिही. इथेच बसून."

तो लिहायला बसला. चार ओळींना त्याला वीस मिनिटं लागली. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. शेवटी घसा खाकरून त्याने वाचून दाखवलं:

"काही तांत्रिक कारणांमुळे आईच्या कामात वारंवार अडथळे येत होते. ती अडचण आता दूर झाली आहे. मागे फोनवर झालेलं बोलणं विसरून तिला पूर्वीप्रमाणे काम द्यावं, ही विनंती."

आईने चष्मा लावला. त्याच्या खांद्यावरून वाकून तिने पहिल्या तीन शब्दांखाली बोट धरलं.

"हे काढ."

"मग तिथे काय लिहू?"

"माझ्यामुळे."