वेणीवरचं पदक

काराकुमच्या वाळूत पळणाऱ्या त्या पोरीला सापारने छाप्यात घोड्यावरूनच गाठलं. वेणीवरचं चांदीचं पदक सुटेना, म्हणून त्याने वेणी मुंडक्यासकट उतरवली. तेच घुंगरांचं पदक आता त्याच्या नव्या बायकोच्या, आयसोल्तानच्या पाठीवर होतं.

ती दिवसभर गालिच्याच्या मागावर राबायची, पण घुंगरं मुकी. ती स्वस्थ बसली की मात्र वाजायची, लांबून दौडत येणाऱ्या घोड्याच्या टापांसारखी.

“रोज जवळ येतायत गं, आई,” सापार म्हणाला.

“पोरी कापताना हात थरथरला नाही, आणि आता घुंगरांना भितोस?” म्हातारी खेकसली. “गळ्यात मी शिवलेला कातडी ताईत आहे ना? मग गप जेव.”

तो घास उचलतोय तोच टापा तंबूच्या दारापर्यंत आल्या आणि लगाम खेचल्यासारख्या थांबल्या. बाहेरची कुत्री शेपूट घालून आत घुसली.

सासूसमोर सुनेने बोलायचं नसतं, म्हणून आयसोल्तानने लग्नापासून ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. तिने ते सोडलं.

“आई, ह्यांना बाहेर पाठवा,” ती शांतपणे म्हणाली. “ताईत तेवढा काढून घ्या.”