शेजारचं टार्गेट

नवव्या गोळीनंतर वारा उठला, आणि सयाजीनं पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले.

एकच गोळी उरली होती. ती दहाच्या गोलात, निदान नऊच्या कडेत बसली की कोल्हापूरच्या नेमबाजी संघात चौथं नाव त्याचं लागणार होतं. संघ पुण्याला जाणार होता. चौघं एका एसटीनं जाणार, एकमेकांच्या भाकऱ्या खाणार, रात्री लॉजवर वाऱ्यावरून आणि गोळ्यांवरून भांडणार. सयाजीला बक्षिसाचं एवढं काही नव्हतं. त्याला ते भांडण पाहिजे होतं.

नेसरीच्या माळावर अकरा वर्षं तो एकटाच नेम धरत आला होता. गावात नादिष्टांची कमतरता नव्हती. कुणाला बैलांचा नाद, कुणाला भजनाचा. पण हा नाद असलेला दुसरा माणूस नव्हता. "ससा न्हाय, डुक्कर न्हाय, त्या कागदानं तुजं काय घोडं मारलंय?" असं लोक विचारत, आणि उत्तर न ऐकताच पुढं जात.

सामानही सगळं जुळवाजुळवीचं. एका वेळी एकच गोळी घेणारी जुनी पॉइंट टू-टू रायफल. ती दंडाला आवळून धरायचा पट्टा चप्पल शिवणाऱ्यानं शिवून दिलेला. अंगाखाली घोंगडी. गोळ्या स्वस्तातल्या, म्हणून तो त्या सोनाराच्या काट्यावर एकेक तोलायचा; सारख्या वजनाच्या सामन्याला, उरलेल्या सरावाला. सोनार म्हणायचा, पोरीच्या लग्नातलं सोनंसुद्धा इतकं निरखून कुणी घेत नाही. एवढं करूनही शंभर मीटरवर ती बारीकशी गोळी वाऱ्यानं चार बोटं सहज सरकते. तिथं मग काटा उपयोगाचा नाही, धीर लागतो. धीर सयाजीकडे रग्गड होता. दुसरं होतंच काय?

वारा पडेपर्यंत डोळे मिटून थांबायचं, ही त्याची माळावरची रीत. इथंही तो तसाच थांबला. कानाजवळून जाणारा वारा मंदावला. त्यानं डोळे उघडले. समोरच्या काडीला बांधलेला लोकरीचा धागा सरळ खाली आला होता. साईटच्या बारीक भोकात काळा गोल मधोमध बसला होता. त्यानं अर्धा श्वास सोडला आणि चाप दाबला.

दहा. त्याला बघावंही लागलं नाही. इतका चांगला बार त्याच्या हातून वर्षात झाला नव्हता.

पंच कागद घेऊन आले तेव्हा सयाजीच्या टार्गेटवर नऊच भोकं होती. शेजारच्यावर अकरा.

डोळे मिटून पडला असताना त्याचं कोपर जरासं सरकलं होतं, आणि साईटच्या भोकात आलेला काळा गोल शेजारचा होता. साईटमधून एकच गोल दिसतो, त्याच्यावरचा नंबर दिसत नाही. म्हणून दहा जण ओळीनं आडवे पडतात तिथं दर गोळीआधी मान उचलून आपला नंबर बघायचा असतो. नवशिकेही बघतात. माळावर अकरा वर्षं एकच फळी उभी होती. तिला नंबर कुणी घालावा, आणि कशाला?

गोळी फुकट गेली, सयाजी संघाबाहेर झाला. त्यात वादाला जागाच नव्हती. वाद शेजाऱ्याचा होता. शेजारी पृथ्वीराज, ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक, बाहेरून मागवलेली रायफल, पण माणूस सरळ. त्याचाही शेवटचा बार त्याच वेळी झाला होता. कागदावर दोन ताजी भोकं होती, एक दहाचं आणि एक आठचं. आठ धरले तर पृथ्वीराजचीही जागा जात होती. कुणाचं कुठलं ते ठरलं नाही, तर चांगलं भोक ज्याचा कागद त्याला, असा नियम. पंचांनी सयाजीला विचारलं, यातलं तुमचं कुठलं?

सयाजीनं कागद हातात घेतला. दहाच्या बरोबर मधे, कंपासनं पाडावं तसं भोक होतं. आपलं लेकरू गर्दीतही ओळखू येतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला.

"ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "वारा हुता."

चौथं नाव पृथ्वीराजचं लागलं.

सयाजी घोंगडीची घडी घालत असताना पृथ्वीराज त्याच्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "काका, ते दहाचं तुमचं हुतं. मला कळतंय की."

"असंल." सयाजीनं घडी काखेत मारली. "माज्यासंगं माळावर येऊन काय करणार हुती ती गोळी? जाऊ दे पुण्याला, चौघांत. तिला तरी सोबत घावली."

पृथ्वीराज म्हणाला, एकदा येतो तुमच्या माळावर. सयाजीनं मान हलवली. असं म्हणणारे पूर्वीही दोघं-तिघं भेटले होते. त्याला नेसरीवरून चंदगडकडं जाणारी गाडी धरायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माळावर आपल्या फळीशेजारी आणखी एक फळी रोवली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वाटी ठेवून गोल काढला, काळा केला आणि तिच्यावर चिकटवला. खडूनं वर सामन्यातलेच नंबर घातले, आपल्याला सात, शेजाऱ्याला आठ. मग शंभर मीटर मागं चालत आला, घोंगडी अंथरली आणि आडवा झाला.

त्या दिवशी त्यानं वीस गोळ्या मारल्या. दर गोळीआधी मान उचलून तो बघत होता, शेजारी जागेवर आहे ना.