निम्मी विहीर

महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या हिवाळ्यात उंद्रीच्या कोकिळानं सासऱ्याच्या स्वेटरवर त्याचंच वावर विणायला घेतलं: काळ्या लोकरीवर पऱ्हाटीची पांढरी बोंडं, तुरीच्या हिरव्या ओळी, छातीशी निळी विहीर. पाठ झाली, बाह्या झाल्या, अन् तिच्या नवऱ्यानं नि दिरानं वावर वाटून, विहीर निम्मी-निम्मी होईल असा धुऱ्याचा बांध घातला. सुया हातात धरून ती गोंधळली. धुरा विणला तर सासऱ्याच्या मनाला लागणार, नाही विणला तर वावर खोटं. शेवटी तिनं समोर दोन पल्ले केले, प्रत्येकावर निम्मी विहीर. स्वेटर अंगात घालून म्हातारा चक्रावला. "मंधातून उघडा काऊन ठेवला वं?" "तिथंच धुरा आला नं, मामाजी." त्यानं पोरांना हाक मारली. "मले हीव लागून राह्यलं. लावा बे बटनं." भाऊ गोंधळून एकमेकांकडे पाहू लागले. बटनं धाकट्याच्या वावरात होती, काजं थोरल्याच्या.