आत्याबाईंचा तांब्या

"सासऱ्यांना पाणी मोजूनच द्या," डॉक्टरांनी मला बजावलं होतं. "फुप्फुसातली गाठ रक्तात काहीतरी सोडतेय, त्यामुळे किडनी पाणी धरून ठेवतेय. रक्तातलं मीठ पातळ झालंय." देगलूरहून भावाला बघायला आलेल्या आत्याबाईंना मी हे सगळं सांगितलं. "लई डॉक्टरीण झालीस!" त्या वॉर्डभर ओरडल्या. "तहानल्या सासऱ्याला घोटभर पाणी न्हाई? अगं, जनावरालाबी पाणी पाजतेत!" औषधाच्या रांगेत माझी दुपार गेली, तेवढ्यात त्यांनी भावाला तांब्यावर तांब्या पाजला. परतले, तर सासऱ्यांना झटके येत होते. "पाणी कुणी दिलं?" डॉक्टर गरजले. मघा वॉर्ड गाजवणाऱ्या आत्याबाईंनी रिकामा तांब्या पायानं माझ्या पिशवीमागं सरकवला. सासऱ्यांना आयसीयूत हलवल्यावर मी तोच तांब्या नळावर भरून आत्याबाईंपुढं ठेवला. "प्या, आत्याबाई. ओरडून घसा सुकला असंल. तुमच्या पाण्याला माप न्हाई."